जिंकून आलेला घोडा

१

थोरलीचा दिवस डोळ्यांनी नाही, कानांनी सुरू व्हायचा. पहाटे साडेपाचला तबेल्याचं मोठं दार सरकवलं की ती लगेच दिवा लावत नसे. मधल्या बोळात मिनिटभर तशीच उभी राहायची. दोन्ही बाजूंना घोड्यांची सहा-सहा ठाणं. कुणी रवंथ केल्यासारखं गवत चघळतोय, कुणी नाकाने फुरफुरतोय, कुणी बादलीला तोंडाने ढकलतोय. कोण नीट जेवलं आणि कोण रुसून बसलंय, हे तिला तेवढ्यात कळायचं. मग ती दिवा लावायची आणि खरारा हातात घ्यायची.

तिला थोरली म्हणत, कारण ट्रेनर तिचा सख्खा धाकटा भाऊ. तबेल्यात तो साहेब होता, तिच्या तोंडी मात्र धाकट्याच. वडील गेले तेव्हा तबेल्याचा कारभार भावाकडे गेला आणि घोडे हिच्याकडे राहिले. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. कारभारात तिचा जीव नव्हताच.

जीव होता तो कुरकुऱ्यात. कागदोपत्री त्याचं नाव दूरदेशी. काळपट तांबूस रंग, कपाळावर बोटाच्या पेराएवढा पांढरा ठिपका आणि त्या ठिपक्यात एक भोवरा. त्याला जन्म देऊन त्याची आई जी बसली ती उठलीच नाही. थोरलीने त्या शिंगराला दर दोन तासांनी बाटलीने दूध पाजलं, चाळीस दिवस त्याच्याशेजारी गवतावर झोपून काढले. ते शिंगरू वाढलं आणि त्याला एक खोड लागली. सतत घशातल्या घशात कुरकुरायचं. चंदी खाताना कुरकुर, पाठ घासताना कुरकुर, खोगिराचा पट्टा आवळला की जास्तच. झोपेतसुद्धा. म्हातारा नालबंद म्हणायचा, "हा घोडा नव्हे, सासरेबुवा आहेत. ह्यांना कुणाचंच काही पटत नाही."

त्या वर्षी सासरेबुवा तीन वर्षांचे झाले, आणि मोठी शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. एकशे अठरा वर्षं ती दर वर्षी धावली जाते, आणि कुठल्याही घोड्याला ती जन्मात एकदाच धावता येते. हुकली ती हुकली. थोरलीच्या वडिलांनी एकोणीस घोडे त्या शर्यतीत उतरवले होते. तीनदा दुसरा नंबर आला. पहिला कधीच नाही. मरताना ते बायकोबद्दल बोलले नाहीत, मुलांबद्दल बोलले नाहीत. शेवटच्या वळणाबद्दल बोलले.

शर्यत पाच आठवड्यांवर आली आणि थोरलीच्या लेकीचं बाळंतपण अडलं. जाणं भाग होतं. निघताना तिने भावाच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"धाकट्या, यंदा जिंकायचंय. काय वाट्टेल ते कर."

"ताई, तू निर्धास्त जा," तो म्हणाला. "मी आहे ना."

२

ती परतली ती थेट शर्यतीच्या मैदानावर. बसमधून उतरली, हातात पिशवी तशीच. गर्दी एवढी, की तिला कुंपणापाशी पोचायलाच अर्धा तास लागला. भाऊ फाटकाजवळ भेटला. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि महिनाभरात तो पाच वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"कुठाय तो? आधी मला त्याला बघू दे."

"शर्यत होऊ दे, ताई. आत्ता तू दिसलीस तर तो बिथरेल."

"मी दिसल्यावर बिथरेल? तो?"

"मग भेट ना सावकाश. कुठे पळून जातोय?" एवढं बोलून तो गर्दीत दिसेनासा झाला.

तिला जरा लागलं. पण मोठ्या शर्यतीच्या दिवशी ट्रेनरच्या बोलण्याचा कशाला राग धरायचा, वडील तर ह्या दिवशी आईलाही ओळख देत नसत, असं म्हणून तिने ते गिळलं.

बारा घोडे सुटले. कुरकुऱ्या सुटला नाही. फाटक उघडल्यावर तो तिथेच उभा होता, आणि लोक हसायला लागले. मग तो निघाला. भरधाव सुटलेला घोडा कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. मान खालीवर होते, छाती भात्यासारखी चालते, प्रत्येक टापेला माती उडते. कुरकुऱ्याची मान जागची हलत नव्हती. कुणीतरी दोरी बांधून ओढावं तसा तो सरळ येत होता. आणि पुढचे घोडे त्याला वाट देत होते. जॉकी लगाम ओढत होते, शिव्या देत होते, पण त्यांचे घोडे कुंपणाकडे अंग चोरून बाजूला होत होते.

शेवटच्या वळणानंतर तो एकटाच होता. जॉकीने चाबूक उचललाच नाही. अकरा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने दूरदेशी जिंकला आणि एकसष्ट वर्षं कुणी न मोडलेला वेळेचा विक्रम त्याने तीन सेकंदांनी मोडला. लोकांच्या ओरडण्याने कानठळ्या बसल्या. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. थोरली रडत होती. वडिलांना हाका मारून सांगावंसं वाटत होतं.

तेवढ्यात तिला भाऊ दिसला. मालकांच्या सज्जात नाही, तर शेवटच्या खांबाच्याही बऱ्याच पलीकडे, कुंपणाला चिकटून एकटाच. फोन धरलेला हात त्याने उंच केला होता, चित्रण करतात तसा. सगळं मैदान नाचत होतं आणि तो हलत नव्हता.

जॉकी घोड्यावरून उतरला. जिंकलेला जॉकी घोड्याच्या मानेवर थाप मारतो, हे लहान मूलही सांगेल. ह्याने थाप मारली नाही. तळवे विजारीला पुन्हापुन्हा पुसत तो आत निघून गेला.

३

शर्यतीनंतर घोडा धुणं हे थोरलीचं काम. तबेल्यामागच्या फरशीवर तिने नळी सुरू केली, ब्रश घेतला, आणि नेहमीसारखी बोलायला लागली.

"काय सासरेबुवा, मोठे झालात आता! ओळख आहे का गरिबाची?"

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिने जवळ जाऊन मानेला मिठी मारली. अंगाला घाम नव्हता. दीड मैल जिवाच्या आकांताने धावलेला घोडा निदान तासभर धापा टाकतो, अंगातून वाफा निघतात. ह्याचं अंग ना गरम ना गार. सावलीतल्या भिंतीला हात लावावा तसं.

तिने कपाळ पाहिलं. ठिपका तोच, भोवरा तोच. पोटाखाली लहानपणी तार लागून झालेला वण, तोही जागच्या जागी. मैदानावर अधिकाऱ्यांनीही कागदाशी ताडून पाहिलं होतंच. मग आपण शोधतोय काय, हे तिलाच कळेना. तिने पाठीवरून ब्रश फिरवला, पोटावरून, कानामागून, जिथे तो हमखास कुरकुरायचा तिथून. नळीच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. तिने नळी बंद केली.

आता कसलाच आवाज नव्हता.

घोड्यांच्या माणसांची एक सवय असते. घोडा गप्प वाटला की त्याच्या पोटाला कान लावायचा. धडधाकट घोड्याचं पोट कधी गप्प नसतं, आत सारखी गडगड चालू असते. पोट गप्प झालं की समजायचं, आतडं अडलं, डॉक्टरला बोलवा. थोरलीने कान लावला. डाव्या बाजूला ऐकलं, उजव्या बाजूला ऐकलं. रिकाम्या खोलीच्या दाराला कान लावल्यासारखं वाटलं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. वीस वर्षं ह्या तबेल्याचे डॉक्टर, जाड भिंगाच्या चष्म्याचे, बडबडे. त्या दिवशी ते बडबडले नाहीत. स्टेथोस्कोपची नळी घोड्याच्या छातीला लावून मान खाली घालून बराच वेळ उभे राहिले.

"दमलाय," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे."

"डॉक्टर, पोट वाजत नाहीये."

"मोठी शर्यत धावलाय तो, थोरले. चार दिवस दे त्याला." आणि चहाला न थांबता गेले.

४

तिने चार दिवस दिले. त्या चार दिवसांत तिने स्वतःची समजूत घालण्याचा एकही मार्ग सोडला नाही. घोडा दमलाय. आपण पाच आठवडे नव्हतो म्हणून रुसलाय. लेकीच्या बाळंतपणाची जागरणं आपल्या डोक्यात बसलीत. डॉक्टर खोटं कशाला बोलतील?

पण काही गोष्टी समजुतीत बसत नव्हत्या. कुरकुऱ्याच्या दोन्ही बाजूंची ठाणं रिकामी होती. त्यातले घोडे ती नसताना समोरच्या रांगेतल्या मोकळ्या ठाणांत हलवले होते, आणि त्या रांगेतले सहाही घोडे आता बोळाकडे पाठ करून, मागच्या भिंतीला तोंड लावून उभे राहत. पांढरी घोडी, जी आजवर दारावरून मान काढून येणाऱ्याजाणाऱ्याचा खिसा चाचपायची, तिने दाराकडे फिरकणं सोडलं होतं.

आणि लीद. घोड्याचं ठाण दिवसातून दोनदा साफ करावं लागतं, आयुष्यभर थोरलीने तेच केलं होतं. कुरकुऱ्याच्या ठाणात फावडं घेऊन ती गेली ती रिकाम्या फावड्याने परत आली. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. गवत जसं अंथरलं तसंच, इस्त्री केलेल्या चादरीसारखं. तो त्यावर बसत नव्हता, लोळत नव्हता. चारही पाय जिथे ठेवले तिथेच. घाण नाही म्हणून कुणाला रडू येईल असं तिला पूर्वी सांगितलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं.

"खातो तरी का?" तिने भावाला विचारलं.

"खातो की. त्याची चंदी मीच घालतो हल्ली. बादली चाटूनपुसून ठेवतो बघ."

बादली खरंच रिकामी असायची. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती खोगिरांच्या खोलीत चामड्याला तेल लावत बसली होती. खिडकीतून तिला भाऊ दिसला. इकडेतिकडे बघत त्याने कुरकुऱ्याची भरलेली बादली मागच्या पोत्यात ओतली, तळ हाताने पुसला आणि बादली परत आत नेऊन ठेवली.

तिचा हात चामड्यावर तसाच थांबला. तेल गुडघ्यावर ठिबकत राहिलं.

संध्याकाळी ती ठाणाच्या दाराशी उभी राहिली. तो पाठमोरा होता. बाटलीच्या दिवसांपासून ती दारात येऊन एकच हाक मारायची, आणि तो जिथे असेल तिथून धडपडत यायचा. तिने ती हाक मारली.

"आलास का रे? ये. ये बघू."

घोड्याचे कान माणसाच्या नजरेपेक्षा चपळ असतात. आवाज आला की ते आधी वळतात, मग घोडा. त्याचे कान वळले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, आणि त्या वेळी तिचाच आवाज तिला परका वाटला. कुणी दुसरीच बाई मागे उभी राहून बोलल्यासारखा. ती इतक्या झटकन वळली की खांद्याला कडी लागली. मागे कुणी नव्हतं.

५

डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर घोड्याच्या सांगाड्याचं मोठं चित्र होतं. थोरली गेली तेव्हा ते त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"मला वाटलंच होतं तू येशील," ते म्हणाले. "आधी बस."

"घोडा बदललाय का?" तिने उभ्यानेच विचारलं.

"बदलला असता तर मी पोलिसात गेलो असतो. सुटलो असतो." त्यांनी चष्मा काढला. "शर्यतीच्या सोळा दिवस आधी. सरावाच्या ट्रॅकवर, वळणावर, पुढचा डावा पाय गेला. गुडघ्याखालचं हाड. मोडलं असं म्हणायलाही जागा नव्हती, चुरा झाला होता. ते हाड जुळत नाही, तुला मी काय सांगायचं."

थोरली खाली बसली.

"तुझा भाऊ म्हणाला, इथे उघड्यावर नको, त्याच्या ठाणात नेऊ. गाडीवर घालून नेला. मी इंजेक्शन दिलं. बुबुळाला बोट लावून पाहिलं. छातीला नळी लावून घड्याळाची पाच मिनिटं ऐकलं. गेला होता, थोरले. दुपारी चार वाजता गेला होता. दुसऱ्या दिवशी न्यायला गाडी यायची होती. ती यायच्या आत तुझ्या भावाचा फोन. डॉक्टर, मृत्यूचा कागद करू नका. उभा आहे."

"असं होतं का कधी?"

"नाही. पण मी म्हटलं, औषध जुनं असेल, नाडी बघण्यात माझी चूक झाली असेल. माणूस काहीही म्हणतो. जाऊन पाहिलं. चार पायांवर उभा. मी तो डावा पाय चाचपलासुद्धा. अखंड होता."

"शर्यतीनंतर मी बोलावलं तेव्हा नळीतून काय ऐकलंत?"

डॉक्टर चष्म्याची काच पुसायला लागले.

"मी नळ्या कानात घातल्याच नव्हत्या," ते म्हणाले. "तुझ्या लक्षात आलं नाही. नुसत्या गळ्यात होत्या. माझं धाडस झालं नाही."

"मला का नाही कळवलंत? तुम्ही तरी?"

"त्याने पाय धरले माझे. म्हणाला, ताई बाळंतिणीपाशी आहे, तिला आत्ता नको. मी सांगतो तिला." त्यांनी चष्मा चढवला. "मला वाटलं सांगेल."

६

भाऊ ऑफिसच्या खोलीत स्टुलावर चढून भिंतीला खिळा ठोकत होता. शर्यतीचा मोठा फोटो खाली टेकवून ठेवला होता, वडिलांच्या तीन दुसऱ्या नंबरांच्या शेजारी लावायला. तिचा चेहरा बघितल्यावर त्याने हातोडी खाली ठेवली. नाकारलं काहीच नाही.

"मी मुद्दाम नाही केलं, ताई."

"काय नाही केलंस मुद्दाम?"

तो स्टुलावरच बसला. "डॉक्टर गेले. मी त्याच्याजवळ बसून राहिलो. तुला कसं सांगायचं हेच कळेना. तू रोज पाठवायचीस ना, त्याला ऐकवायला…"

तिला आठवलं. लेकीच्या घरी, गच्चीच्या जिन्यात उभं राहून ती रोज संध्याकाळी फोनमध्ये आवाज भरून पाठवायची. आलास का रे? ये. ये बघू. आणि भाऊ तो फोन घोड्याच्या कानाला लावायचा. लेक हसायची तिला.

"मी लावलं ते. म्हटलं, एकदा तुझा आवाज त्याच्या कानावर पडू दे. जाताना. बस, एवढंच डोक्यात होतं, आईशप्पथ. आणि कान हलला, ताई."

खोलीत खिडकीची काच वाऱ्याने थरथरत होती.

"तिथेच बंद करायचंस," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"मी परत लावलं."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "तिसऱ्यांदा मान उचलली. पायातून आवाज येत होता, कडकड असा, हाडं जागेवर… मग उभा राहिला. मी पळालो. बाहेर जाऊन ओकलो. परत येऊन बघितलं तर दाराकडे तोंड करून उभा. तुझी वाट बघत."

"आणि तू त्याला पळवलास."

"तो शर्यत नाही धावला. शर्यत काय माहीत त्याला? मी खांबापलीकडे उभा होतो फोन घेऊन. तो तुझ्याकडे धावला."

तिला हात उगारावासा वाटला. आयुष्यात तिने एकाच मुक्या जिवाला शब्द दिला होता, की मी हाक मारीन तेव्हा मी असेन. तो शब्द तिच्या माघारी कुणी वापरून टाकला होता.

"मला एक फोन करायचास. मेला, एवढं सांगायचंस. मी रडले असते आणि संपलं असतं."

"तूच म्हणाली होतीस." त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "काय वाट्टेल ते कर. तूच म्हणालीस."

माणसं निघताना काहीतरी बोलतात. त्याने ते सहीशिक्क्याच्या कागदासारखं समोर धरलं होतं. ह्याला तिने कडेवर घेतलं होतं, ह्याच्या शाळेच्या चुका स्वतःवर घेतल्या होत्या.

"ते पुसून टाक. सगळं."

"टाकतो."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोन काढला. एकेक आवाज पुसला, आणि शेवटी रिकामी यादी तिच्यापुढे धरली. तिने नीट बघितलं. काहीच उरलं नव्हतं. तो रडत होता. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ सत्काराला गेला आणि तबेल्यातली माणसं जेवायला पांगली. थोरलीने ठाणाचं दार उघडलं.

तिने दोरी धरली तसा तो निमूट चालू लागला. बोळातून, फरशीवरून, सरावाच्या ट्रॅकला वळसा घालून मागच्या फाटकाबाहेर. फरशीवर नालांचा आवाज यायला हवा होता. तिच्या चपलांचाच येत होता. फाटकापुढे उघडा माळ होता, लांबवर नुसतं वाळलेलं गवत. ऊन डोक्यावर होतं. तिने त्याच्या तोंडावरची दोरी सोडवली, कपाळावरच्या भोवऱ्याला ओठ लावले आणि त्याचं तोंड माळाकडे वळवलं.

"जा," ती म्हणाली. "मी नाही बोलावणार आता. कुणीच नाही बोलावणार. जा, बाळा."

तिने पाठीवर थाप मारली. तो निघाला.

पन्नास पावलं तो नीट गेला. मग थोडा लंगडला. थोरलीने पदर तोंडाशी धरला. आणखी वीस पावलांवर पुढचा डावा पाय गुडघ्याखाली हलकेच दुमडला, ज्या बाजूला पाय दुमडत नाही त्या बाजूला. तो त्यावर तसाच भार देऊन पुढे गेला. प्रत्येक पावलाला पाय जास्त वळत होता, पाठ खचत होती, आयाळ एका बाजूला गळत होती, आणि मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला ऐकू आलं. घशातल्या घशात, अगदी बारीक. कुरकुर.

ती हसत होती आणि रडत होती. जातोय, ती स्वतःला सांगत होती, सुटतोय, जातोय. त्याचे पुढचे गुडघे टेकले. मान गवताला लागली.

"आलास का रे?"

तिने तोंड उघडलं नव्हतं.

"ये. ये बघू."

आवाज तिच्या पाठीमागून, फाटकातून येत होता. तिचाच आवाज, जरा घोगरा, आणि त्याच्यामागे कुठेतरी तिची नात रडत होती, दहा दिवसांची असताना रडायची तशी. थोरली वळली. भाऊ फाटकाला टेकून उभा होता, सत्काराचे कपडे अंगावर, उजव्या हातात एक दुसराच फोन. तिने हा फोन कधी पाहिला नव्हता.

"धाकट्या, नको," ती म्हणाली. "अरे, नको रे."

माळावर हाड जागेवर बसल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. कुरकुर थांबली. तो उठला आणि वळला, आणि त्याच सरळ, न हलणाऱ्या मानेने तिच्या दिशेने यायला लागला. त्याचे कान पुढे वळलेले होते.

ती दोन्ही हात पसरून वाटेत उभी राहिली. "आलास का रे?" तिने हाक मारली, खऱ्या तोंडाने, जिवाच्या तळापासून. "मी इथे आहे. ही बघ मी. इकडे."

तो एका हाताच्या अंतरावरून गेला. त्याच्या डोळ्यात तिला ऊन दिसलं, गवत दिसलं, आपण जिथे उभ्या होतो ती जागा रिकामी दिसली. शेपटीचे केस तिच्या पसरलेल्या हातावरून सरकले. तो तिला ओलांडून तिच्या आवाजाकडे गेला आणि फाटकाशी थांबून त्याने त्या फोनला नाक लावलं.

भावाने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, घोड्याच्या पुढच्या डाव्या पायावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, खूर उचलून पाहिला आणि हलकेच खाली ठेवला.

"जरा अवघडलाय," तो स्वतःशीच म्हणाला. "दोन दिवसांत मोकळा होईल."